तेरेखोलच्या काठावरची तार

शाळेच्या गच्चीवर हौशी रेडिओचे, म्हणजेच हॅम रेडिओचे, केंद्र सुरू करायचे झाल्यास अँटेना कोणती घ्यावी, असा प्रश्न विश्वस्त मंडळातल्या माझ्या एका जुन्या वर्गमित्राने पत्र लिहून विचारला. उत्तर त्याने एका ओळीत मागितले होते. ते काही जमेना, म्हणून संपादकांनी हे पान मोकळे करून दिले. मी या शाळेचा माजी विद्यार्थी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर गोव्यात पेडणे तालुक्यातल्या केरी या आमच्या मूळ गावी येऊन राहिलो आहे. माझी नात आपल्याच शाळेत नववीत शिकते, तेव्हा पालकांच्या रांगेत आजोबा म्हणूनही मला उभे राहता येते.

ज्यांना हा छंद अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवला की सामान्य नागरिकाला स्वतःचे रेडिओ केंद्र चालवता येते. वयाची अट बारा वर्षे पूर्ण एवढीच आहे. प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते. आपल्याकडे ते बहुधा ‘व्हीयू टू’ किंवा ‘व्हीयू थ्री’ने सुरू होते. या कामातून पैसे मिळवता येत नाहीत. बोलण्यासाठी लहरींचे काही पट्टे राखून ठेवलेले आहेत, त्यांना बँड म्हणतात. त्यांतले नेहमीचे म्हणजे ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटरचे. खाडीत होडी कधी लोटायची हे जसे भरती-ओहोटी ठरवते, तसे कोणता बँड कोणत्या वेळी कुठवर पोचेल हे सूर्य ठरवतो. म्हणून एकाच बँडवर भागत नाही, आणि म्हणूनच एकाच तारेवर अनेक बँड चालवण्याची खटपट सगळे हॅम जन्मभर करीत असतात.

या खटपटीवर पुस्तके भरपूर आहेत. कोणती अँटेना उत्तम यावर वादही भरपूर आहेत. मात्र अँटेना निवडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा असे मला वाटते, तो म्हणजे आपल्याला बोलायचे आहे कोणाशी? माझ्यापुरते उत्तर ठरलेले होते. मला दादाशी बोलायचे होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय वर्षे ८३, मुक्काम पुणे. तो तारखात्यात होता. तारेचे यंत्र पुढे बदलत गेले, मोर्स मागे पडला, शेवटी जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवाच बंद झाली; पण दादाच्या बोटांतला मोर्स गेला नाही. हॅमचा परवाना त्याने माझ्या कितीतरी आधी काढला होता आणि मला टिंबे-रेघा शिकवल्या त्याही त्यानेच. आता त्याचे कान गेले आहेत. समोरासमोर, ओठांकडे पाहून थोडे समजते. फोनवर मात्र काहीच कळत नाही. कानातले यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारते. व्हिडिओवर तो हसून ‘हो, हो’ म्हणतो. आपण काय बोललो ते त्याला कळलेले नसते, आणि कळलेले नाही हे तो कळू देत नाही. घरातल्या माणसांनाही हे उशिराच लक्षात येते.

पण मोर्स त्याला ऐकू येतो! वयाने कान जातात ते बहुधा आधी उंच स्वरांचे जातात. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने त्या उंच भागात असतात, म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. मोर्सचा सूर मात्र आपल्याला हवा तेवढा खाली आणता येतो. दादाने त्याच्या सेटवर तो सेकंदाला सुमारे पाचशे कंपनांवर ठेवला आहे. तेवढ्या एका सुरावर त्याचे कान अजून शाबूत आहेत. त्या सुरात आम्ही मराठीच बोलतो, रोमन अक्षरांत मांडून. ‘विहीर भरली का’ हे वाक्य पाठवायला मला तेवढाच वेळ लागतो जेवढा त्याला ते वाचून माझी एखादी रेघ आखूड पडल्याची तक्रार करायला.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ पालकांना आठवत असेल. १६ मे रोजी ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला गेले. आमच्या वाड्यावर माड पडले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले. केरीच्या समोर, तेरेखोल नदीच्या मुखापलीकडे तेरेखोलचा किल्ला आहे. हा एवढासा तुकडा नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्याचा, बाकी तिन्ही बाजूंनी एक तर महाराष्ट्र नाही तर पाणी. फेरीबोट बंद म्हणजे पलीकडचा माणूस पलीकडे. अलीकडचेही आम्ही तसेच अडकलो. पुण्याला काही कळवता येईना. घराची डागडुजी चालू असल्याने माझा सेट तोवर खोक्यातच होता. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी फोनवरून निरोप गेला तेव्हा वहिनी एवढेच म्हणाली, “ह्यांनी तीन रात्री सेट बंद केला नाही.” दादा माझ्या नेहमीच्या लहरीवर कान लावून बसला होता.

त्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आता जरा गणित. मुलांनो, घाबरू नका, सातवीचे आहे. रेडिओलहरीचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. त्याला कंपनसंख्येने भागले की लहरीची लांबी मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे ४२ मीटर येते, म्हणून तो ४० मीटरचा बँड. सर्वात साधी अँटेना म्हणजे अर्ध्या लहरीएवढी तार, मधोमध तोडून तिथून सेटला जोडलेली. तिला डायपोल म्हणतात. टोकांच्या परिणामामुळे ती हिशेबापेक्षा थोडी आखूड लागते; व्यवहारात १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागले की मीटरमध्ये लांबी मिळते. म्हणजे ४० मीटर बँडला २० मीटर तार, २० मीटर बँडला १० मीटर, आणि ८० मीटर बँडला जवळजवळ ४० मीटर. प्लास्टिकचे आवरण असलेली घरगुती विजेची तार वापरली तर आणखी दोन-तीन टक्के कमी.

पुढचा प्रश्न उंचीचा, आणि इथे बहुतेक नवशिके फसतात. आपली लहर पुण्याला जमिनीवरून जात नाही. ती वर जाते, तीनशेएक किलोमीटरवरच्या आयनांबराच्या थरावर आपटते आणि खाली येते. केरी ते पुणे हवाई अंतर तेवढेच, सुमारे ३१० किलोमीटर. तीनशे किलोमीटर उंच आणि तीनशे किलोमीटर लांब असा त्रिकोण काढून पाहा. लहर साठ अंशांहून अधिक चढाने, जवळजवळ डोक्यावरच फेकावी लागते. मग मध्ये सह्याद्री असला काय नि नसला काय! तार लहरीच्या पाव भागाएवढ्या किंवा त्याहून कमी उंचीवर असली की ती बराचसा जोर असाच वर फेकते. ४० मीटर बँडला तो पाव भाग म्हणजे दहा मीटर. गंमत अशी की तेच दहा मीटर २० मीटर बँडसाठी अर्धी लहर होतात, आणि अर्ध्या लहरीच्या उंचीवर टांगलेली तार जोर क्षितिजाकडे, दूरच्या देशांकडे टाकते. एकच खांब, दहा मीटरचा. खालच्या बँडवर पुणे-कोल्हापूर आणि वरच्या बँडवर युरोप-जपान. माझ्या नातीला परदेशात बोलायचे होते, मला पुण्यात. खांबाच्या उंचीवर आमचे भांडण झालेच नाही.

डोंगरापलीकडे आवाज पोचवण्याची ही विद्या आमच्या भागाला नवी नाही. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्याच्या सत्याग्रहींनी त्या किल्ल्यावर तिरंगा लावला आणि तुरुंगवास पत्करला. त्यानंतर वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त नभोवाणी सुरू झाली, तीही आमच्या नदीच्या उगमाकडल्या मुलखात, आंबोलीच्या रानात. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे लघुलहरींवर कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून गोव्याला खऱ्या बातम्या देत होती. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला गेले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिले. या दोघांचा पुढे विवाह झाला. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. आंबोली ते पणजी हवाई अंतर पन्नास-साठ किलोमीटर. मधे घाट, खाली पोर्तुगिजांचा पहारा, आणि वरून येणारा आवाज अडवायला कोणतीच चौकी पुरी पडेना. आमच्या वडिलांच्या तोंडी त्या नभोवाणीचा उल्लेख नेहमी येई.

असो. विषयाकडे वळतो.

आमचे अंगण पुढच्या गडग्यापासून मागच्या गडग्यापर्यंत २७ मीटर. सेट म्हणाल तर हैदराबादचे अशहर फरहान यांनी रचलेला बिटएक्स घराण्यातला, दहाएक वॅटचा, घरी जोडलेला. दहा वॅट म्हणजे एका लहान एलईडी दिव्याची वीज. इतक्या ताकदीत पुण्याच्या इमारतीतल्या लिफ्ट, दिवे आणि इन्व्हर्टर यांच्या घरघरीतून माझा सूर वर निघायला हवा. ज्याचे कान चांगले आहेत तो घरघरीतही अक्षर वेचतो. ८३ वर्षांच्या माणसाला ते जमत नाही. तेव्हा तारेत, जोडणीत, जुळवणीच्या पेटीत निम्मी शक्ती उष्णतेत घालवणारी कुठलीही सोय मला परवडणार नव्हती.

पहिला उमेदवार जी-फाइव्ह-आर-व्ही. इंग्लंडमधल्या लुई व्हार्नी यांनी १९४६ साली काढलेली ही रचना. त्यांच्या संकेतनामावरूनच तिला हे नाव मिळाले. जगभर हॅम मंडळी हिचे नाव घेतात आणि ‘सर्व बँडची अँटेना’ म्हणून नव्या माणसाच्या गळ्यात बांधतात. वास्तविक व्हार्नींनी ती मुख्यतः २० मीटर बँडसाठी आखली होती. बाकीच्या बँडवर जुळवणीची पेटी लागते. तिची तार ३१ मीटरची, म्हणजे उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखी ताणली तरी माझ्या गडग्याबाहेर. शिवाय तिच्या मधोमध शिडीसारखी दुहेरी तार खाली सरळ लोंबावी लागते, ती सुमारे साडेदहा मीटर. माझा खांब दहा मीटरचा! आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. ही शिडीतार ओली झाली की तिचे गुण बदलतात. जून ते सप्टेंबर रोज नव्याने जुळवणी कोण करणार?

दुसरी, ट्रॅप डायपोल. तारेत मधेमधे गुंडाळ्यांचे डबे बसवलेले, प्रत्येक डबा एका बँडला अडवतो आणि दुसऱ्याला जाऊ देतो. जागा कमी लागते, दिसायला नीटनेटकी. पण खाऱ्या वाऱ्यात दारांच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतात तिथे उघड्यावर टांगलेले ते डबे किती टिकतील? शिवाय प्रत्येक डबा थोडी शक्ती खातो.

तिसरी, विंडमच्या कुळातली, मधोमध न जोडता एका बाजूला साधारण तिसऱ्या भागावर जोडलेली. २० मीटर लांबीची घेतली तर ४०, २० आणि १० हे तिन्ही बँड एका तारेवर मिळतात, एकास चारचा एक बालन मात्र चांगल्या प्रतीचा लागतो. ही मला आवडली होती. १५ मीटर तिच्यावर नीट चालत नाही, आणि नातीला १५ मीटर हवा होता.

चौथी, सध्या फार लोकप्रिय झालेली, एका टोकाला जोडायची अर्धलहर तार. खिडकीशी एकोणपन्नासास एकचा ट्रान्सफॉर्मर, तिथून वीस मीटर तार समोरच्या झाडाला, झाले. ४०, २०, १५, १० सगळे मिळतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने डोळे मिटून हीच लावावी. माझ्या बाबतीत अडचण एवढीच की ट्रान्सफॉर्मर थोडी शक्ती खातो, आणि तारेचे सर्वाधिक तापलेले टोक घराला चिकटून राहते. परतीची लहर केबलवरून घरात शिरते आणि घरातल्या दिव्यांची घरघर त्याच वाटेने सेटमध्ये येते. दादाचे उत्तर मलाही ऐकायचे होतेच की.

उरली पाचवी, सर्वात जुनी आणि सर्वात गावंढळ. तिला पंखा डायपोल म्हणतात. एकाच केबलला, एकाच बिंदूपाशी, प्रत्येक बँडची वेगळी डायपोल बांधायची. ज्या बँडवर बोलाल त्याची तार आपोआप वीज ओढते, बाकीच्या गप्प राहतात. ट्रान्सफॉर्मर नाही, डबे नाहीत, जुळवणीची पेटी नाही. दिसायला मात्र कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसारखी. हीच मी घेतली.

घेतली असे लिहिले खरे, पण ८० मीटर बँडचा काटा राहिलाच होता. दादा पहाटे उठतो. पूर्वीपासून आमची बोलण्याची वेळ सहाची. पण सूर्योदयापूर्वी वरचा थर इतका विरळ असतो की ४० मीटरची लहर सरळ आरपार निघून जाते, पुण्याला खाली येतच नाही. त्या वेळी ८० मीटरच हवा, आणि त्याला ४० मीटर तार. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांच्या आवारात तार नेता आली असती, त्यांनी ‘बांध रे’ म्हटलेही. पण पुढे त्यांचा मुलगा घर वाढवणार आहे. तार टोकांना गुंडाळ्या लावून आखूड करता येते, तिचा हिशेबही करून पाहिला; पण मग ती अगदी अरुंद पट्ट्यात चालते आणि शक्तीही गिळते. दोन आठवडे कागद काळे केले. शेवटी दादाला पत्र टाकले, सहाऐवजी आठला भेटू. आठ वाजेपर्यंत ऊन वर येते, थर दाट होतो, ४० मीटर पुण्यापर्यंत चालू लागतो. दादाचे उत्तर पोस्टकार्डावर आले. आठला पूजा असते, साडेआठ. तार वाढली नाही, वेळ वाढली, आणि ८० मीटरचा प्रश्न तिथेच मिटला.

उभारणीत नातीची दिवाळीची सुट्टी गेली. नव्वद मीटरचे दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचे एक बंडल घेतले. त्यातली साधारण पस्तीस मीटर लागली. खांबासाठी जस्ताचा मुलामा दिलेले तीन पाइप एकात एक बसवून भिंतीला पट्ट्यांनी आवळले आणि नायलॉनच्या दोरांनी ताण दिला. माड जवळच होता, उंचही होता, पाडेली वर चढून कप्पी बांधायलाही तयार होता. पण माडाची झावळ पडते, नारळ पडतो, आणि वाऱ्यात माड इतका डुलतो की तार एक तर तुटते नाहीतर खांद्यावर येते. माड अँटेनेला कामाचा नाही, हे माझे ठाम मत. टोके दोन्ही बाजूंना आंब्याच्या आणि फणसाच्या खोडांना, जमिनीपासून चार मीटरवर. त्याहून खाली आणू नयेत. बोलत असताना टोकांवर मोठा दाब असतो, कोणाचा हात पोचता कामा नये. एका टोकाचा दोर कप्पीवरून घेऊन त्याला वाळू भरलेली बाटली टांगली आहे. आंबा हलला की बाटली वरखाली होते, तार तुटत नाही.

तारा एकमेकींपासून दूर ठेवायला लाइट फिटिंगच्या प्लास्टिक पाइपचे तुकडे भोके पाडून घातले. ४० मीटरच्या डायपोलची प्रत्येक बाजू आधी १०.३ मीटर कापली होती. तार नेहमी लांब कापावी. लांब आखूड करता येते. मोजयंत्राने पाहिले तर तिचा सूर ६.७५ मेगाहर्ट्झवर लागला. मग खाली घे, दहा सेंटिमीटर दुमड, वर कर, मोज. नातीने तक्ता केला होता, तिसऱ्या मोजणीनंतर ती मला आधीच उत्तर सांगू लागली. ७.०५ ला सूर आला तेव्हा बाजू ९.९ मीटरला किंचित कमी भरली. २० मीटरची बाजू सुमारे ४.९, १० मीटरची सुमारे २.४५.

आणि १५ मीटर? त्याची वेगळी तार नाही. सातची तिप्पट एकवीस, म्हणून ४० मीटरचीच तार तिथे दीड लहर होऊन चालते. मात्र अगदी तिप्पट येत नाही, सूर थोडा वर, २१.८ च्या आसपास लागतो आणि आपला बँड २१.४५ ला संपतो. नात हिरमुसली. उपाय पुस्तकात सापडला. मध्यबिंदूपासून साडेतीन मीटरच्या आसपास, जिथे १५ मीटर बँडवर दाब सर्वात जास्त असतो, तिथे दोन्ही बाजूंना तारेचा एकेक छोटा फास लोंबता सोडायचा. त्याने १५ मीटरचा सूर खाली येतो आणि ४० मीटरला फारसा धक्का लागत नाही. त्या फासांना आमच्याकडे ‘कानातले’ म्हणतात.

मध्यबिंदूपाशी केबलचे नऊ वेढे एका जाड प्लास्टिक पाइपवर गुंडाळले आहेत, म्हणजे परतीची लहर घरात येत नाही. सांध्यांवर रबरी चिकटपट्टी. केबल खिडकीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल दिला आहे, पाणी तिथूनच गळते. विजेसाठी वेगळा भूसंपर्क, कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की नुसती सळई ठोकून काम होत नाही. पण आभाळ गडगडू लागले की भूसंपर्कावर विश्वास ठेवून बसू नये. केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाकावी. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात आम्ही तेच करतो.

तेव्हापासून दादाशी रोज साडेआठला बोलणे होते. पहिल्याच पावसाळ्यात दोन दिवस वीज नव्हती. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सेट लावला. हॅम मंडळी एकमेकांच्या सुराला गुण देतात. सौजन्य म्हणून बहुतेक जण ‘पाच-नऊ-नऊ’ म्हणजे सर्वोत्तम असेच देतात. तारखात्यातल्या माणसाला हे सौजन्य माहीत नाही. तो मला पाच-सहा-नऊ देतो, क्वचित पाच-सात-नऊ. त्या दिवशी पाऊस इतका होता की मला माझाच कळीचा आवाज ऐकू येईना. दादाचा सूर आला, ‘पाच-सात-नऊ. विहीर भरली का.’ मी कळवले, ‘काठोकाठ.’ मग त्याने वाड्यावरच्या एकेका घराचे विचारले. फोनवर ज्याला दोन वाक्ये कळत नाहीत त्याच्याशी मी त्या दिवशी चाळीस मिनिटे बोललो. वहिनी नंतर सांगत होती, इतका मोठ्याने हसताना त्यांना बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

नातीने परीक्षेचा अर्ज भरला आहे. मोर्स ती दादाआजोबांकडूनच शिकते आहे, सुट्टीत साडेआठला.

आता शाळेची गच्ची. मला आठवते तशी ती पाण्याच्या टाकीपासून ध्वजस्तंभाच्या कोपऱ्यापर्यंत आहे. ती टेपने मोजून कळवावी. वीस मीटर भरली तर पंखा डायपोल बसेल. इमारत आधीच उंच असल्याने खांब चार-पाच मीटरचा पुरे. वीस मीटर भरली नाही तर टाकीच्या बाजूने एका टोकाची अर्धलहर तार तिरपी सोडता येईल. तार विजेच्या तारांवरून किंवा खालून कुठेही जाता कामा नये, ही एक अट मी सोडणार नाही. मुले गच्चीवर जाणार असतील तर टोके त्यांच्या हाताबाहेर हवीत. केंद्राचा परवाना शाळेच्या नावाने काढता येतो, मात्र जबाबदार म्हणून एक परवानाधारक माणूस लागतो. शिक्षकांपैकी कोणी परीक्षेला बसणार असल्यास मी पुस्तके पाठवतो. आणि आधी हे ठरवावे की मुलांना कोणाशी बोलायचे आहे. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी जिथे जिथे आहेत त्या गावांची यादी केली, तर कोणते बँड हवेत ते त्या यादीवरूनच कळेल. पुण्याला एक जण साडेआठला हजर असतो. शाळेची प्रार्थना त्या वेळेला होत असेल तर त्याची पूजा अलीकडे घ्यायला सांगतो.